सुई लगेच काढू नका

(बुलढाणा येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या नावाने हे व्याख्यान होतं, त्यांचा एक दंडक होता असं संयोजकांनी मला निमंत्रण देतानाच सांगितलं. वक्त्यानं आपल्या कामाबद्दल बोलावं, देशाच्या भवितव्याबद्दल नको. माझी त्यामुळे सोयच झाली. मी रेडिओलॉजिस्ट आहे. अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या डोक्यात, छातीत, पोटात डोकावणं हा माझा उद्योग. आज बोलणार आहे ते स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधाबद्दल. डॉक्टर त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, पेशंट आणि त्यांचे नातेवाईक ‘डाय’ म्हणतात, आणि जिल्ह्याच्या घाटाखालच्या तालुक्यांतून आलेली म्हातारी माणसं नुसतं ‘ते गरम इंजेक्शन’ म्हणतात.

विषय लहान वाटेल. पण गेल्या काही वर्षांत घरातल्या एकाचाही सीटी किंवा एमआरआय झालेला नाही, असं कुटुंब या सभागृहात शोधावं लागेल. त्या वेळी तुमच्यापुढे एक फॉर्म आला असणार आणि कुणीतरी बोट ठेवून ‘इथं सही करा’ म्हटलं असणार. त्या फॉर्मवर काय छापलं होतं, हे किती जणांना आठवतं? माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की, या औषधाला आपण भलत्याच कारणांसाठी घाबरतो आणि जिथं खरंच जपायला हवं तिथं बेफिकीर राहतो. यात पेशंट आले तसे आम्ही डॉक्टरही आलो.

आधी हे औषध लागतं कशाला ते सांगतो. एक्स-रे हाडात अडतात आणि हवेतून आरपार जातात. मधलं जे काही आहे, म्हणजे रक्त, स्नायू, यकृत, किडनी, आतडी, ते एक्स-रेच्या लेखी जवळजवळ पाणीच. पडद्यावर सगळं करडं दिसतं. यकृतातली गाठ यकृतापासून वेगळी काढता येत नाही. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी साध्या सीटीत बहुधा दिसतच नाही, आणि ती तर जीव घेणारी गोष्ट. मग रक्तातच असं काही मिसळायचं की ते एक्स-रे अडवेल. हे काम आयोडीन करतं. अणू जड, आणि नीट बांधून दिलं तर शरीराला सोसणारं.

ते कुणी ठरवून शोधलं नाही. उपदंशावर, म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणतात त्या रोगावर, पूर्वी सोडियम आयोडाइड देत असत. १९२३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अर्ल ऑस्बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, हे औषध घेतलेल्या रुग्णांच्या एक्स-रेत लघवीनं भरलेलं मूत्राशय उजळलेलं दिसतं. औषध शरीराबाहेर पडता पडता आपली वाट दाखवून जात होतं. १९२९ मध्ये जर्मनीत मोझेस स्विक आणि फॉन लिख्टेनबर्ग यांनी युरोसेलेक्टान नावाचं आयोडीनयुक्त औषध शिरेतून देऊन किडनीची चित्रं काढली, तिथून या शास्त्राला खरी चाल मिळाली.

याच काळातली एक गोष्ट मात्र आमच्या क्षेत्रात तरुण डॉक्टरांना मुद्दाम सांगायला हवी. थोरोट्रास्ट नावाचं औषध १९३० च्या सुमारास बाजारात आलं. चित्रं अप्रतिम यायची. रुग्णाला टोचताना काही त्रास नाही, उलटी नाही, खाज नाही. डॉक्टर खूश, रुग्ण खूश. पण ते होतं थोरियम डायऑक्साइड, म्हणजे किरणोत्सर्गी धातूचा चुरा, आणि शरीराला तो बाहेर टाकता येत नव्हता. यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मज्जेत तो जाऊन बसला आणि आतून किरणं सोडत राहिला. वीस-तीस वर्षांनी त्या माणसांना यकृताचे कर्करोग होऊ लागले. तोवर हे औषध जगभर असंख्य लोकांना टोचून झालं होतं. टोचताना त्रास झाला नाही म्हणजे औषध सुरक्षित, असं मानणाऱ्यानं थोरोट्रास्ट आठवावं. आणि टोचताना अंगात आग उठली म्हणजे औषध घातक, असं मानणाऱ्यानं पुढची हकीकत ऐकावी.

आयोडीनची सुरुवातीची औषधं फार दाट क्षारांची असत. रक्तातल्या विरघळलेल्या कणांचं एक माप आहे. त्या मापावर आपलं रक्त २९० च्या आसपास असतं, आणि जुनी औषधं होती १५०० ते २००० पर्यंत. असं द्रावण शिरेत गेलं की आजूबाजूच्या पेशींतलं पाणी खेचून घेतं, रक्तवाहिन्या दुखावतात, रुग्ण कळवळतो. स्वीडनमधले तोर्स्तेन आल्मेन हे तरुण रेडिओलॉजिस्ट या वेदनेनं बेचैन झाले. पोहताना त्यांच्या लक्षात आलं होतं की बाल्टिकच्या मचूळ पाण्यात डोळे उघडले तर झोंबत नाहीत आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या खाऱ्या समुद्रात मात्र झोंबतात. पूर्णेच्या खोऱ्यात, खारं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. आल्मेन यांनी विचार केला की आयोडीन तेवढंच ठेवायचं, पण पाण्यात गेल्यावर त्याचे विद्युतभारित तुकडे पडू द्यायचे नाहीत. म्हणजे कणांची संख्या घटेल. कल्पना घेऊन ते औषध कंपन्यांकडे गेले, तर बऱ्याच जणांनी दाराबाहेरूनच परत पाठवलं. रेडिओलॉजीच्या नियतकालिकांनीही लेख नाकारला, आणि १९६९ साली तो अखेर सैद्धांतिक जीवशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आला. नॉर्वेतल्या निगार्ड या मध्यम आकाराच्या कंपनीनं मात्र त्यांचं ऐकून घेतलं. त्यातूनच पुढे आयोहेक्सॉल आलं, जे आज आपल्याकडेही सर्रास वापरतात. नवी औषधं त्या मापावर ६०० ते ८५० च्या दरम्यान आहेत, काही तर रक्ताच्या बरोबरीची.

याचा परिणाम काय झाला? १९९० मध्ये जपानमधून कातायामा आणि सहकाऱ्यांचा एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला, ३,३७,६४७ इंजेक्शनांचा. जुन्या औषधांनी १२.६६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला होता, नव्या औषधांनी ३.१३ टक्के. गंभीर त्रास जुन्यात ०.२२ टक्के, नव्यात ०.०४ टक्के. म्हणजे दहा हजारांत बावीसवरून चारवर. हे आकडे मी पाठ करून ठेवलेत, कारण ‘डाय घेतल्यानं माणूस दगावतो म्हणे’ असं विचारणाऱ्याला मला दुसरं काही सांगावं लागत नाही.

आता त्या गरम इंजेक्शनाबद्दल. सीटीच्या टेबलावर मशीनच्या पंपानं हे औषध सेकंदाला तीन-चार मिलीलीटर वेगानं जातं. संग्रामपूर तालुक्यातल्या एका आजीबाईंनी मला जे वर्णन ऐकवलं तसं कुठल्याही पुस्तकात नाही. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पयले घशात आली आग, मंग पोटात, अन् मंग मले वाटलं का लुगड्यातच झाली. लाजेनं मी डोयेच नाई उघडले.” तोंडात लोखंडाची चव, छातीतून खाली उतरणारी ऊब आणि लघवी झाल्याचा भास हे तिन्ही अगदी नेहमीचे. मिनिटभरात जातात. ही रिअॅक्शन नाही. पण ते आधी कुणी सांगितलेलं नसतं, आणि घाबरलेला माणूस नेमका त्याच क्षणी हलतो. चित्र बिघडतं, कधी पुन्हा औषध द्यावं लागतं. तीस सेकंदांचं बोलणं वाचवण्याची ही किंमत.

औषधाचं प्रमाणही कळलं पाहिजे. पोटाच्या सीटीला समजा ८० मिली दिलं आणि दर मिलीत ३०० मिलिग्रॅम आयोडीन आहे, तर एकूण २४ ग्रॅम आयोडीन झालं. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. हिशेब केला तर चारशेहून अधिक वर्षांचं आयोडीन अर्ध्या मिनिटात शिरेत जातं. ऐकून दचकायला होतं. पण ते रेणूत घट्ट बांधलेलं असतं, शरीर ते वापरत नाही, आणि किडनी चांगली असेल तर निम्मं दोन तासांत आणि जवळजवळ सगळं चोवीस तासांत लघवीवाटे निघून जातं. अगदी थोडं सुटं आयोडीन असतं. ते थायरॉइड वाढलेल्या माणसाला त्रास देऊ शकतं, म्हणून गळ्याला गाठ असेल तर आधी सांगायचं. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांना दूध तोडायला लावतात, त्याची गरज नाही. दुधात उतरतं ते नगण्य, आणि बाळाच्या आतड्यातून शोषलं जातं ते त्याहून नगण्य.

भलत्या भीतींची यादी लांब आहे, तीनच घेतो. पहिली मासळीची. ‘झिंग्यांची अॅलर्जी आहे म्हणजे आयोडीनची अॅलर्जी आहे’ हा समज डॉक्टरांमध्येही पक्का बसलेला आहे. झिंग्यांची अॅलर्जी त्यांच्यातल्या एका प्रथिनाची असते, आयोडीनचा तिच्याशी संबंध नाही. आयोडीन आपल्या मिठात आहे, त्याच्याशिवाय आपण जगत नाही. दमा किंवा पूर्वीची कसलीही तीव्र अॅलर्जी असेल तर धोका थोडा वाढतो, एवढंच खरं. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: याआधी याच औषधाची रिअॅक्शन आली होती का?

दुसरी गोष्ट टेस्ट डोसची. ‘टेस्ट लावली का?’ असं नातेवाईक विचारतात आणि आम्ही मान डोलावतो, कारण समजावत बसायला वेळ नसतो. पेनिसिलिनच्या काळातली ही सवय. कॉन्ट्रास्टच्या बाबतीत आधी थेंबभर टोचून पुढचं काही सांगता येत नाही. थेंबाला काही झालं नाही म्हणून पूर्ण डोसला होणार नाही असं नसतं, आणि ज्याला व्हायचं त्याला थेंबालाही होऊ शकतं. युरोपातल्या तज्ज्ञांची संघटना या चाचणीची शिफारस करत नाही. खोटा धीर देणारी चाचणी न केलेली बरी.

तिसरी उपाशीपोटी राहण्याची. यावर मला थोडं थांबायचंय, कारण आपल्या जिल्ह्यात ती नुसती गैरसमजूत राहत नाही. आजच्या औषधांसाठी उपाशी राहायची गरज नाही, असं जगभरच्या मार्गदर्शिका सांगतात. भूल द्यायची असेल किंवा पोटाचीच काही खास तपासणी असेल तर वेगळं. आमच्याकडे मात्र सरसकट ‘उपाशी या’ असं चिठ्ठीवर लिहितात. आता मे महिन्यात संग्रामपूर किंवा जळगाव जामोदकडचा माणूस पहाटेची एसटी धरतो. उपास म्हटला की आपल्या माणसाला निर्जळी एकादशीच आठवते. तो पाण्याचा थेंबही घेत नाही. दहाला नंबर लागेल म्हणून येतो, मशीन बंद असतं, वीज गेलेली असते, आणि दुपारी अडीचला कोरड्या घशानं, आटलेल्या रक्तानं तो टेबलावर झोपतो. याच अवस्थेत किडनीला सगळ्यात जास्त धोका असतो. त्याला खरं तर दोन तांबे पाणी पिऊन यायला सांगायला हवं होतं.

किडनीचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात सभागृह गप्प होतं, ते मला माहीत आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेला खारपाण, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, पट्टा आहे, आणि आपल्याकडे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतली गावं त्यात येतात. विहिरीचं पाणी प्यायलं की जीभ ओढते. या गावांत किडनीच्या रुग्णांचं प्रमाण आणि त्यातले मृत्यू यावर वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत लिहून आलं आहे, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले आहेत, वान प्रकल्पातून नळयोजनाही आली. लोक पाण्याला दोष देतात. त्याबरोबर मधुमेह, रक्तदाब, उन्हात राबताना शरीरातलं पाणी आटणं आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, हेही आहेच. कारण कुठलंही असो, या घाटाखालच्या तालुक्यांतल्या पेशंटच्या बाबतीत किडनीची चौकशी न करता कॉन्ट्रास्ट देणं मला मान्य नाही.

पण इथंच दुसरी चूक होते, आणि ती आमची आहे. किडनीसाठी केलेल्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.४ आलं की रिपोर्टवर लाल शाई उमटते आणि ‘डाय देता येणार नाही, साधाच सीटी करा’ असा निरोप येतो. क्रिएटिनिनचा आकडा एकटा काही सांगत नाही. वय आणि स्त्री की पुरुष हे धरून त्यातून किडनीच्या गाळण्याचा वेग काढतात, त्याला ई-जीएफआर म्हणतात. पंचवीस वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.४ असेल तर हा वेग ७० च्या आसपास येतो. सत्तर वर्षांच्या बाईचं तेच १.४ असेल तर ४० च्या आसपास. दोघंही ३० च्या, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या, वर आहेत. त्याच बाईचं क्रिएटिनिन २ झालं तर वेग २६ वर येतो, आणि मग खरी काळजी सुरू होते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्ट आणि किडनीतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जे निवेदन काढलं त्याचं सार हेच आहे: शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टनं किडनी बिघडण्याची भीती पूर्वी फार फुगवली गेली, धोका मुख्यतः ३० च्या खालच्यांना किंवा किडनी अचानक बिघडलेल्यांना आहे, आणि त्यांनाही गरज असेल तर सलाईन देऊन, विचार करून औषध देता येतं.

औषध न देण्यालाही किंमत असते, पण ती कुठल्याच फॉर्मवर छापलेली नसते. पोटात असह्य दुखतंय आणि आतड्याची रक्तवाहिनी बंद झाली आहे असा पेशंट साध्या सीटीवर ‘विशेष काही नाही’ म्हणून परत गेला, तर त्याची किडनी वाचली आणि तो गेला. डायलिसिसवर असलेल्यांच्या नातेवाइकांनीही हे ऐकावं: त्यांना कॉन्ट्रास्टचा सीटी करता येतो, आणि केवळ त्यासाठी तातडीचं डायलिसिस लागत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी किडनी बरी असेल तर थांबवावी लागत नाही. ई-जीएफआर ३० च्या खाली असेल तर स्कॅनच्या वेळी थांबवून ४८ तासांनी तपासणी बघून ठरवायचं.

एमआरआयला वेगळं औषध असतं, गॅडोलिनियमचं. प्रमाण अगदी थोडं, अॅलर्जी आणखी कमी, म्हणून किडनीच्या रुग्णांना सीटीऐवजी एमआरआय करा असं एकेकाळी बिनधास्त सांगत. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डायलिसिसच्या काही रुग्णांची कातडी लाकडासारखी घट्ट होऊ लागली, सांधे आखडले. नऊ वर्षं कारण सापडलं नाही. २००६ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी त्याचा धागा गॅडोलिनियमपर्यंत नेला. ज्यांच्या रेणूत गॅडोलिनियम सगळ्यात ढिलं बांधलेलं असतं, त्या औषधांचा त्यात मोठा वाटा होता. युरोपनं २०१७ मध्ये त्यातली बरीच वापरातून काढली. आज घट्ट बांधणीची औषधं वापरतात आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तेव्हा एमआरआयच्या आधीही विचारायचं, कोणतं गॅडोलिनियम आहे.

आता माझ्या शीर्षकाकडे येतो. खरी रिअॅक्शन, अंगावर गांधी, घसा आवळणं, दम लागणं, रक्तदाब कोसळणं, ही बहुधा पहिल्या वीस मिनिटांत येते. तिच्यावरचं औषध स्वस्त आहे आणि जुनं आहे: अॅड्रेनालिन, मांडीच्या स्नायूत, अर्धा मिलिग्रॅम. ते वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो. पण आपल्याकडे स्कॅन झाला की टेक्निशियन सुई काढतो, कापूस दाबतो आणि ‘पुढचा’ म्हणून हाक मारतो. पेशंट जिना उतरून टपरीवर चहा प्यायला जातो आणि तिथं कोसळला तर शीर शोधायला माणूस नाही, औषध नाही. म्हणून अर्धा तास केंद्रातच बसा आणि तोवर शिरेतली सुई काढू देऊ नका. तुम्ही हट्ट धरा. वेळ वाया जातो म्हणून कुणी कुरकुरलं तर कुरकुरू द्या.

आणि एक प्रश्न विचारा, जरा उद्धट वाटला तरी: आत्ता या इमारतीत डॉक्टर कोण आहे? तालुक्याच्या गावी सीटी मशीन आली, ही चांगली गोष्ट झाली. चित्रं इंटरनेटवरून नागपूर, पुण्याला जातात, रिपोर्ट तिथून येतो. पण तिथला डॉक्टर अॅड्रेनालिन टोचू शकत नाही. भिंतीवर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लावलेला असतो. तो किरणांबद्दल आहे, तुमच्या घशाबद्दल नाही. ज्या खोलीत कॉन्ट्रास्ट देतात तिथं ऑक्सिजन, अॅड्रेनालिन आणि ते द्यायला शिकलेला माणूस हवा, नाहीतर तिथं साधेच स्कॅन करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या जिल्ह्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या मुलांना हे पहिल्या वर्षापासून शिकवता येईल.

शेवटचं, नोंदीचं. पूर्वी रिअॅक्शन आली होती असं सांगणारे पेशंट भेटतात. कोणतं औषध होतं विचारलं की उत्तर नसतं. ते कळलं तर पुढच्या वेळी दुसरं औषध देता येतं, गरजेप्रमाणे आधी स्टेरॉइडच्या गोळ्या देता येतात. न कळल्यामुळे आम्ही एक तर स्कॅनच नाकारतो किंवा तेच औषध पुन्हा टोचतो. रिपोर्टवर औषधाचं नाव, किती मिली दिलं आणि काही त्रास झाला का, या तीन गोष्टी लिहून मागा. न लिहिता दिलेला रिपोर्ट परत करा. त्रास झालाच तर तो सरकारलाही कळवा. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे, आणि तिथं डॉक्टरच नव्हे तर पेशंट किंवा नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतो. क्रमांक लिहून घ्या: १८००-१८०-३०२४. फोन मोफत आहे.